घोडं नेमकं कुठे पेंड खातं? खुरट्या रानातल्या शिकारी पक्ष्यांचं गणित

वासी उत्तरायणाच्या सकाळी, म्हणजे पतंगांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या गच्चीवर एक शिक्रा सापडला. पाण्याच्या टाकीमागे अंग चोरून बसला होता. डाव्या पंखात मांजा रुतलेला, डोळे मात्र 'जवळ येऊन तर बघ' असे. भाच्याने बुटाच्या खोक्याला भोकं पाडली, मी जुना पंचा टाकून त्याला उचललं आणि आम्ही दोघं स्कूटरवरून करुणा अभियानाच्या, म्हणजे मांज्याने जखमी झालेल्या पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या, केंद्रावर गेलो. तिथे आधीच कबुतरं, बगळे, एक घार अशी रांग लागली होती. परत येताना भाच्याने मागून विचारलं, "मामा, मांजा कायमचा बंद झाला, तर शिक्रे वाढतील ना?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. मांजा बंद व्हायला हवा, त्यात वादच नाही. पंख चिरलेला एक पक्षी हातात धरला की पुरे. पण शिक्रे वाढतील का, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर 'बहुधा नाही' असं आहे. त्याने गिधाडांबद्दल विचारलं असतं, तर मी 'हो' म्हणालो असतो. मांजा तोच, आभाळ तेच, उत्तरं मात्र दोन.

पक्षी कशाने मरतात आणि पक्ष्यांची संख्या कशाने अडते, हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. वर्तमानपत्रात पहिल्याचं उत्तर येतं, फोटोसकट. दुसऱ्याचं उत्तर शोधायला वर्षंच्या वर्षं जातात आणि त्याचा फोटो काढता येत नाही.

रावपुऱ्यातला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. बारा खोल्या, बारा बिऱ्हाडं. एक बिऱ्हाड सोडून गेलं की पंधरा दिवसांत तिथे दुसरं सामान घेऊन हजर, कारण खोलीसाठी टपून बसलेली माणसं गावात भरपूर. रस्त्यावरून बघणाऱ्याला वर्षानुवर्षं बाराच चुली दिसतात. कोण आलं, कोण गेलं, कोणाचं काय झालं, याचा चुलींच्या आकड्यावर काही परिणाम नाही. तो आकडा खोल्यांनी ठरवलेला आहे.

शिकारी पक्ष्यांचं बरंचसं असंच चालतं. प्रत्येक जोडी एक इलाखा धरून असते, त्यात दुसऱ्या जोडीला शिरू देत नाही. इलाखे संपले की उरलेले पक्षी जोडी न करता, घरटं न बांधता, या हद्दीवरून त्या हद्दीवर फिरत राहतात. मी त्यांना सडेफटिंग म्हणतो. हे आपल्याला सहसा दिसत नाहीत, दिसले तरी ओळखू येत नाहीत. पण काही देशांत अभ्यासकांनी जोडीतला एक पक्षी मुद्दाम काढून पाहिला, तेव्हा अनेकदा त्याच हंगामात, कधी काही दिवसांतच, दुसरा त्या जागी येऊन बसला. म्हणजे दारात रांग होतीच.

आता शिक्रा घ्या. मादी एका वेळी तीन-चार अंडी घालते, पिल्लं लवकर वयात येतात. अनेक शिकारी पक्ष्यांत निम्म्याहून अधिक पिल्लं पहिलं वर्षही पुरं करत नाहीत. कोणी उपाशी मरतं, कोणी शिकार करताना काचेवर आदळतं, कोणाला मांजा कापतो. मांज्याने ज्यांना नेलं त्यांतली बरीच अशीही भुकेने गेली असती, आणि मांज्यातून वाचलेल्यांमुळे भुकेची रांग तेवढी लांबली असती. हिशेब दुसऱ्या खात्यातून वळता होतो, शिल्लक तीच राहते. ऐकायला हे क्रूर वाटतं. वाटू दे.

गिधाडाचं उलट. वर्षाला एकच अंडं, पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षं, मग पुढे दीर्घ आयुष्य. त्यांची वीण ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे उत्तरायण ऐन मध्यावर. मोठा पक्षी गेला की घरट्यातलं पिल्लूही बहुधा जातं, आणि बदली पक्षी तयार व्हायला पाच वर्षं लागतात. सडेफटिंगांची रांग नसलेल्या वाड्यात खोली रिकामी झाली, तर ती रिकामीच राहते.

तर मग शिक्रे, ससाणे, गरुड यांना खरोखर अडवतं काय? ब्रिटिश शास्त्रज्ञ इयन न्यूटन यांनी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात जगभरच्या नोंदी एकत्र करून सरळ मांडणी केली: माणसाने विष घातलं नाही, बंदूक रोखली नाही, तर एखाद्या प्रदेशात किती जोड्या घरटी करतील हे दोन गोष्टींवर ठरतं, अन्न आणि घरट्याची जागा. या दोहोंत जी तोकडी ती हुकूम चालवते. दुसरी कितीही मुबलक असो, तिला कोणी विचारत नाही.

वाचायला सोपं. पण मही नदीच्या कोतरांत उभं राहून 'इथे तोकडं काय आहे' हे ठरवून दाखवा, मग कळतं.

कोतरं म्हणजे नदीकाठची पाण्याने चिरत गेलेली घळींची जमीन. बडोद्याच्या पश्चिमेला सिंधरोटच्या बाजूला गेलात तर पाहायला मिळेल. बोर, बाभूळ, थोर, हिंगणबेट, मध्येच गवताचा पट्टा, मातीचे उभे कडे. थंडीत पक्षीवाली मंडळी बदकं बघायला वढवाण्याच्या तलावावर गाड्या भरून जातात (२०२१ पासून त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा आहे, गर्दी आणखी वाढली), कोतरात कोणी फिरकत नाही. सरकारी दप्तरात अशा जमिनीला खराबा म्हणतात. महाराष्ट्रात सातबारावर पोटखराबा असतो, तोच हा शब्द. शब्दच असा, की तिथे काही कमी झालं तर चुकल्यासारखं वाटत नाही.

या खराब्यात कोण कोण आहे बघा. तारेवर पांढरी-राखाडी कापशी, उंदरांवर नजर लावून. बाभळीच्या बुंध्याशी तिसा, सरडे आणि नाकतोडे टिपणारा. वर घिरट्या घालणारा सापमार गरुड. मातीच्या कड्यातल्या कपारीत शृंगी घुबड. नशीब असेल तर मोरंगी गरुडाची जोडी. आणि तुरुमती, लग्गर हे ससाणे, ज्यांची एक गंमत आहे: ससाण्यांच्या कुळाला घरटं बांधता येत नाही. ते कड्यावरच्या कपारीत अंडी घालतात, नाहीतर कावळ्याचं किंवा दुसऱ्या कोणाचं जुनं घरटं बळकावतात. म्हणजे झाडावर राहणाऱ्या तुरुमतीची संख्या कावळ्यांच्या कष्टांवरही अवलंबून. उंच झाडं तोडली, कावळ्यांनी बांधणं सोडलं, की अन्न कितीही असलं तरी तुरुमतीचं घोडं तिथे पेंड खाणार.

घरट्याची जागा तोकडी आहे का, हे तपासायची एक सरळ युक्ती आहे. जागा वाढवून बघायची. जोड्या वाढल्या तर अडसर तोच होता. असा एक प्रयोग अमेरिकेत नकळत झाला, आणि त्या निमित्ताने खुरट्या रानातल्या शिकारी पक्ष्यांवरचा जगातला एक फार लांब चाललेला अभ्यास सांगता येईल.

आयडाहो राज्यात स्नेक नदीचा एक खोल कातळी पट्टा आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, वर कोरडं, झुडपी माळरान. या कड्यांवर दर वसंतात ७०० ते ८०० जोड्या शिकारी पक्षी घरटी करतात. १९९३ मध्ये सुमारे ४ लाख ८५ हजार एकरांना तिथे कायद्याने संरक्षण मिळालं. कड्यांमुळे घरट्यांची ददात नाही, आणि माळावर मऊ मातीत बिळं करणारी जमिनीवरची खार आणि मोठ्या कानांचा ससा. घर आणि जेवण शेजारी शेजारी, म्हणून एवढी दाटी.

पण माळावर, कड्यांपासून दूर? तिथे उंदीर-ससे होते, बसायला जागा नव्हती. १९८०-८१ मध्ये त्या भागातून ५०० किलोव्होल्टची वीजवाहिनी गेली. वर्षभरात मनोऱ्यांवर घरटी दिसू लागली आणि दहाएक वर्षांत शिकारी पक्षी आणि डोमकावळे मिळून १३३ जोड्या त्या मनोऱ्यांवर नांदत होत्या. त्या माळावर अडसर अन्नाचा नव्हता, जागेचा होता, हे लोखंडाने सिद्ध केलं. (लहान खांबांवर मात्र हीच वीज मोठ्या पक्ष्याचा जीव घेते. पंख पसरले की दोन तारांना एकदम लागतात. आयडाहोच्याच मॉर्ली नेल्सन यांनी सत्तरच्या दशकात वीज कंपन्यांबरोबर खांबांची रचना बदलण्याचं काम केलं. आपल्याकडे कच्छ-राजस्थानात ते अजून बरंचसं व्हायचं आहे.)

त्याच ठिकाणी कड्यांवरच्या सोनेरी गरुडांचा हिशेब मात्र वेगळा निघाला. कॅरन स्टीनहॉफ, मायकेल कोचर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ पासून दोन दशकांहून अधिक काळ तीच घरटी दरवर्षी तपासली. ससे तिथे साधारण दहा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि ओसरतात. ससे भरपूर असले की बहुतेक जोड्या अंडी घालतात. ससे ओसरले की जोड्या मरत नाहीत, इलाखा सोडत नाहीत, फक्त अंडी घालत नाहीत. कड्यावर दोघं शेजारी बसलेली दिसतात, मोजणीत 'जोडी हजर' म्हणून लागते, पिल्लू शून्य. त्यात हिवाळा कडक गेला तर अंडी घालणाऱ्या जोड्या आणखी घटतात, आणि पिल्लं घरट्यात असताना ३२ अंशांवरचे दिवस जास्त आले तर वाचणारी पिल्लं कमी होतात. ससे हा मूळ अडसर, हवामान त्याला टोक काढतं.

३२ अंश ऐकून बडोद्याच्या माणसाला हसू येईल. आपल्याकडचे मोठे गरुड शहाणे आहेत, ते थंडीतच घरटी उरकतात.

मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: नुसते पक्षी मोजून यातलं काही कळलं नसतं. गरुड दिसतात तेवढेच, म्हणून सगळं आलबेल, असं वीस वर्षं लिहिता आलं असतं. त्यामुळे शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करणारे डॉक्टरसारखे पायरी-पायरीने प्रश्न विचारतात. इलाखाच रिकामा आहे? मग घरट्याची जागा बघा, नाहीतर मोठे पक्षी कुठेतरी मरताहेत. जोडी आहे पण अंडी नाहीत? विणीच्या आधीच्या महिन्यांत पोट भरलं नाही. अंडी घातली पण फुटली, सोडून दिली? विष, नाहीतर माणसांची वर्दळ. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांतली जुनी अंडी ताज्या अंड्यांशी ताडून बघितली आणि १९६७ मध्ये दाखवून दिलं की डीडीटीचा वापर सुरू झाल्यापासून कवच पातळ झालं आहे. मादी बसली की अंडं चिरडत होतं. पिल्लं निघाली पण घरट्यातच मेली? अन्न, ऊन, रोग. आणि पिल्लं उडाली, पण पुढच्या काही वर्षांत जोड्यांची जागा घ्यायला कोणीच आलं नाही? मग रोग घरट्यापाशी नाही, दूर कुठेतरी आहे.

या शेवटच्या पायरीसाठी एक सोपी खूण आहे, दुर्बीण असलेल्या कोणालाही जमेल अशी. मोठ्या गरुडांची अल्पवयीन पिसं प्रौढांपेक्षा वेगळी असतात. मोरंगी गरुड प्रौढ झाला की पोट पांढरं, त्यावर गडद रेघा. पोरवयात तेच पोट तांबूस. वाड्याच्या दारात रांग असते तेव्हा खोली अनुभवी पक्ष्याला मिळते, पोरांना कोणी उभं करत नाही. जोडीत पोरवयाचा पक्षी दिसू लागला, तर रांग संपत आली आहे असं समजायचं. चुली अजून बाराच दिसतात, पण दारात कोणी नाही. आकडा घसरायच्या कितीतरी आधी ही खूण दिसते.

आता अन्नाकडे येऊ, कारण खुरट्या रानात खरी गुंतागुंत तिथे आहे. अन्न मोजायचं म्हणजे काय मोजायचं? कापशीसाठी उंदीर. शेतीखात्याची माणसं वापरतात तीच रीत: संध्याकाळी ठरलेल्या पट्ट्यातली सगळी बिळं मातीने बुजवायची आणि सकाळी किती उघडली ते बघायचं. उघडली ती जिवंत बिळं. शृंगी घुबडासाठी कपारीखाली पडलेल्या गोळ्या गोळा करायच्या. न पचलेले केस, हाडं घुबड गोळी करून ओकतं, पक्षीवाले त्याला पेलेटच म्हणतात. ती कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवली की उंदराची कवटी, जबडा, दात असं सगळं हाती येतं. आमच्या घरी हा कार्यक्रम एकदाच झाला. बायकोने ती वाटी नंतर स्वयंपाकघरात येऊ दिली नाही.

पण रानात उंदीर असणं आणि पक्ष्याला उंदीर मिळणं यात फरक आहे, आणि हा फरक आपल्या भागात एका झाडाने ठसठशीत करून ठेवला आहे. विलायती बाभूळ. गुजराती माणूस तिला गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ म्हणतो, आणि तेच नाव तिला शोभतं. कच्छच्या बन्नीत, जिथे सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं गवताळ रान होतं, वनखात्याने १९६१ मध्ये खारं रण पुढे सरकू नये म्हणून ती लावली. तिने रण थांबवलं की नाही ते बाजूला ठेवू, गवत मात्र गिळलं. गुरं शेंगा खातात, शेणातून बी पसरतं, तोडली की बुंध्यापासून चार फांद्या फुटतात. कोतरांतही ती बऱ्याच ठिकाणी भिंतीसारखी उभी आहे.

त्या जाळीखाली उंदीर असतीलही, ससेही असतील. वरून सूर मारणाऱ्या कापशीला, जमिनीलगत तरंगत शिकार करणाऱ्या भोवत्याला ते दिसणार कसे, आणि दिसले तरी काट्यांत पंख घालणार कोण? शिधा कोठीत भरलेला, कोठीला कुलूप. उलट बाजूही सांगायला हवी: जिथे एकही उंच झाड नव्हतं तिथे काही पक्ष्यांना याच बाभळीवर घरटं बांधायला जागा मिळते. म्हणजे एकच झाड एकाचा अडसर काढतं आणि दुसऱ्याचा घालतं. 'वेडी बाभूळ समूळ काढा' म्हणणाऱ्यांनी आणि 'झाड आहे ना, असू दे' म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही आधी कोणत्या पक्ष्याबद्दल बोलतोय ते सांगावं. मला स्वतःला विचाराल तर गवताचा पट्टा वाचवायला ती मागे रेटायलाच हवी, पण घरट्याची चार झाडं राखून.

आयडाहोत चित्र उलट दिशेने बदललं. तिथे झुडपं गेली आणि परकं गवत आलं. चीटग्रास नावाचं हे गवत लवकर वाळतं, वणवा पेटवतं, आणि तिथलं मूळचं सेजब्रश नावाचं झुडूप जळालं की बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. गेल्या चार-पाच दशकांत वणव्यांनी निम्म्याहून अधिक झुडपी रान संपवलं. झुडपं गेली, ससे गेले. गरुड काय करणार? जे मिळतं ते खायला लागले, त्यात कबुतरं. कबुतरांच्या घशात एक सूक्ष्म परजीवी असतो, त्याने ट्रायकोमोनोसिस हा रोग होतो. मोठ्यांचं निभतं, पिल्लांचा घसा आणि तोंड सडून ती मरतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही साखळी जोडून दाखवली: वणवा, झुडपांचा नाश, सशांची घट, कबुतरांचा आहार, पिल्लांचे मृत्यू. घरट्यात मेलेलं पिल्लू बघणारा म्हणेल 'रोगाने मेलं'. बरोबरच आहे. पण अडसर तीन पायऱ्या मागे, जळालेल्या माळावर आहे. सुरसागर तलावाच्या काठी कबुतरांना पोत्यांनी दाणे घालणारं आपलं शहर बघितलं की मला हा अभ्यास आठवतो. कबुतर हे फुकट अन्न वाटतं, त्याची किंमत पिल्लं चुकवतात.

शिकारी पक्षी एखाद्या रानातून नाहीसे झाले तर काय होतं, हे बघायला अमेरिकेत जायला नको. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये तिथला अभ्यास प्रसिद्ध केला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते. त्यांचं खाद्य असलेले सरडे तिथे जास्त. या सरड्याचं शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा, आणि त्यातला 'सरडा' आपल्या मराठीतूनच घेतलेला आहे. हे सरडे नुसते जास्त नव्हते. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी होतं, माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळत नव्हते, आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके होते. वर घार नाही म्हटल्यावर खालचं सगळं घरच बदललं. आणि इथे शिकाऱ्यांना अडवणारी गोष्ट अन्न नव्हती, अन्न तर वाढलं होतं. फिरती पाती आणि त्यांच्या आसपासची हवा त्यांना नकोशी झाली होती. जागा होती, पण जागेत येववत नव्हतं.

अन्नाच्या ढिगावर बसून संपलेला पक्षी म्हणजे गिधाड. गुजरातेत गावोगाव पांजरापोळ, मेलेल्या गुरांना तोटा नाही. घरट्यांची झाडं, कडे होते. तरीही १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली. गुरांना वेदनाशामक म्हणून टोचलेलं डायक्लोफिनॅक हे कारण २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. त्यातला एक हिशेब मी नेहमी सांगतो. दर १३० ते ७६० जनावरांमागे एका प्रेतात जीवघेणी मात्रा असेल, तर एवढी घसरण व्हायला ते पुरेसं होतं. म्हणजे शंभरांत एकापेक्षाही कमी विषारी प्रेतं पुरली. कारण एका प्रेतावर कळपच्या कळप बसतो, आणि मेलेल्याची जागा भरून काढायला वर्षाला एकच अंडं. इथे 'हिशेब दुसऱ्या खात्यातून वळता' होऊ शकत नव्हता, दुसरं खातंच नव्हतं. मांज्याबद्दल शिक्र्याला एक उत्तर आणि गिधाडाला दुसरं, ते यामुळे.

शेवटी एक अडचण, जिच्यापुढे अभ्यासकही हात टेकतात. बडोद्याहून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत भावनगरच्या वेळावदरला पोचता येतं. काळविटांसाठी १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेला जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचा गवताळ तुकडा. थंडीत संध्याकाळी तिथे भोवत्ये उतरू लागतात, गवतात जमिनीवरच रात्र काढायला. भोवत्यांच्या मुक्कामाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या ठिकाणांपैकी हे एक. दिवसा ते आसपासच्या कपाशीच्या शेतांवर आणि माळांवर नाकतोडे वेचतात. ही मंडळी विणीसाठी कझाकस्तानच्या गवताळ मैदानांकडे जातात. समजा एका हिवाळ्यात वेळावदरला कमी उतरली. दोष कोणाचा? कपाशीवरच्या फवारणीने नाकतोडे संपले? पाऊस कमी पडून गवत वाढलं नाही? की कझाकस्तानात त्या उन्हाळ्यात उंदीरच कमी होते आणि पिल्लं निघालीच नाहीत? वेळावदरच्या टेहळणी मनोऱ्यावर बसून याचं उत्तर मिळत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी, बरीच वर्षं मोजणारी माणसं लागतात. पक्ष्याच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवून वाट कळते, पण कुठे अडलं ते पायऱ्या तपासूनच कळतं.

आमच्या शिक्र्याला तीन टाके पडले. तो उडाला की नाही हे केंद्राने कळवलं नाही, आम्हीही विचारायला गेलो नाही. भाच्याला मात्र मी फेब्रुवारीतल्या एका रविवारी कोतरात नेलं, मोरंगी गरुडाच्या एका जुन्या घरट्याकडे. जागेचं नाव लिहीत नाही. लांबून, समोरच्या धारेवरून बघायचं, त्यापेक्षा जवळ जायचं नाही, असं बजावून दुर्बीण त्याच्या हातात दिली. घरट्याच्या वरच्या फांदीवर दोघं बसली होती. त्याने बराच वेळ बघितलं, दुर्बिणीचं चाक फिरवलं, पुन्हा बघितलं.

"मामा, एकाचं पोट पांढरं आहे," तो म्हणाला. "दुसऱ्याचं तांबूस."